माठाखालचे कौल

आमच्या घरी पिण्याच्या पाण्याच्या माठाखाली मंगलोरी कौलाचा एक फुटका तुकडा आहे. आमच्या लहानपणापासून तो तेथेच आहे. घर बदलले, माठ तर किती बदलले. आता भिंतीवर पाणी शुद्ध करण्याचे यंत्रही आले आहे. तरी उन्हाळा लागला की माठ बाहेर निघतो आणि त्याच्याखाली तो तुकडा जातो. त्याच्यावरची अक्षरे केव्हाच झिजली आहेत. पाहुण्यांनी विचारलेच तर आम्ही सांगत असू, "आजोबांच्या पडावातले कौल आहे." त्यापुढे कोणी विचारीत नसे, आणि विचारले असते तरी आम्ही फारसे सांगितले नसते. कारण त्या पडावाविषयी आमच्या घरात दोन गोष्टी होत्या. एक मोठ्याने सांगावयाची आणि दुसरी न सांगावयाची.

पनवेल हे एके काळी बंदर होते, असे म्हटले की नव्या वसाहतींतील मंडळी हसतात. त्यांचाही दोष नाही. धक्क्याच्या बाजूस गेले तर तिवरांचे रान, गाळ आणि मधून वाहणारी पाण्याची एक रेघ एवढेच दृष्टीस पडते. परंतु १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून पुण्यास निघालेला मुंबईचा प्रवासी नावेने पनवेलला उतरे आणि येथून खुष्कीच्या मार्गाला लागे. १८५२ साली या गावाला नगरपालिका मिळाली, ती या वर्दळीच्या बळावरच म्हणावयाची. पुढे १८६३ मध्ये आगगाडी कल्याणवरून घाट चढून गेली आणि पुण्याचा प्रवासी पनवेलला विसरला. माल मात्र विसरला नाही. येथून तांदूळ, मीठ, गवत, जळाऊ लाकूड मुंबईस जाई आणि तिकडून कापड, घासलेट, लोखंडी सामान व कौले येत. हे सारे लाकडी पडावांतून. भरतीबरोबर आत यावयाचे, ओहोटीबरोबर बाहेर पडावयाचे. तांडेलाच्या खिशात घड्याळ नसे. ते आकाशात असे, आणि रोज थोडे थोडे पुढे सरकत असे.

आमचे आजोबा अशा एका पडावाचे तांडेल होते. आमचे घराणे मूळचे उरणकडचे. करंजा बेटावर पोर्तुगीज काळापासून आपल्या ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे. त्यांपैकी काहींनी शेती केली, काहींनी ताडी काढली, आणि आमच्यासारखे थोडे पाण्याच्या वाटेने पनवेलला आले. पडाव एका व्यापाऱ्याचा होता. आजोबांच्या हाताखाली दोन खलाशी असत, खाडीकाठच्या आगरी गावांतले.

आता मोठ्याने सांगावयाची गोष्ट. १९३८ सालचा मे महिना संपत आला होता. मृग लागला की पडाव किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवावयाचे, म्हणून ती मोसमातली शेवटची खेप होती. पावसाआधी घरे शाकारण्यासाठी कौलांना मागणी फार, तेव्हा माल जरा अधिकच भरला गेला असावा. आमचे वडील हे वाक्य नेहमी "असावा" असेच संपवीत. संध्याकाळी मुंबई सोडली. घारापुरी मागे टाकल्यावर रात्री वळवाचे तुफान आले. शीड फाटले, पडावात पाणी शिरू लागले. तिघांनी अंधारात निम्मी कौले समुद्रात फेकली. तरी पाणी वाढतच गेले. एका मोठ्या लाटेने तिघांनाही बाहेर फेकले. आजोबांच्या हाती एक वल्हे लागले. पहाटे ते न्हाव्याच्या किनाऱ्याला, तिवरांच्या मुळांत अडकलेले सापडले. दोघे खलाशी गेले ते गेलेच. पडाव न्हाव्यासमोर खोल पाण्यात बुडाला, असे आजोबांनी सांगितले. तिकडे चार दिवस शोध झाला. काही मिळाले नाही.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी ही गोष्ट आमच्या घरी सांगितली जाई आणि शेवटी वडील 'प्रेषितांची कृत्ये' उघडून सत्ताविसावा अध्याय वाचीत. संत पौलाला घेऊन जाणारे आलेक्सांद्रियाचे गलबतही मालवाहूच होते. त्यावर दोनशे शहात्तर माणसे होती, आणि शेवटी त्यांनीही गहू समुद्रात टाकून गलबत हलके केले. आम्हां मुलांना वाटे की आमच्या आजोबांची हकिकत बायबलातच लिहिलेली आहे. फरक एवढाच की मेलितेच्या किनाऱ्याला सगळेच्या सगळे सुखरूप लागले.

न सांगावयाची गोष्ट अशी होती. तुफानाच्या दुसऱ्या दिवशी खाडीच्या मुखाच्या बरेच आत, एका वळणावर, मिठागराच्या बांधावरून एका आगरी बाईने ओहोटीच्या पाण्यावर डोलकाठीचे टोक पाहिले. ती चालत पनवेलला आमच्या दारी आली. पडाव तिकडे नाही, इकडे आहे, माणसे इकडे पाठवा, असे तिने सांगितले. आजोबा अंथरुणावर होते. "पडावावर मी होतो की ती?" एवढेच ते म्हणाले. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. चौथ्या दिवशी ओहोटीलाही काठी दिसेनाशी झाली, आणि ती यावयाची थांबली.

गावात मात्र बोलणे सुरू झाले. पडाव जर खाडीत होता, तर तांडेल तो समुद्रात बुडाला असे का सांगतो? कौले कोठे विकली की काय? की घाईने खाडीत शिरताना पडाव गाळावर घातला आणि दोन माणसे किनाऱ्याच्या हाकेवर असताना मेली? आमच्या घराने यावर एकच उत्तर शोधले: ती बाई खोटे बोलते. तिचे नाव घरात कधीही घेतले गेले नाही. तिला 'काठीवाली' म्हणत. हट्टी मुलाला "काठीवालीसारखे करू नकोस" असे सांगण्याची आमच्याकडे पद्धतच पडली होती. आम्हीही आमच्या मुलांना तसे म्हटले आहे.

आजोबा पुन्हा पाण्यावर गेले नाहीत. १९४६ साली ते वारले. पुढल्याच वर्षी, १७ जुलै १९४७ रोजी, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तिच्याविषयी आजही लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण कौलांच्या पडावाविषयी कोण लिहिणार?

कौल आमच्या घरी आले ते १९५५ च्या सुमारास. खाडीच्या त्याच वळणावर चिंबोऱ्या धरणाऱ्या पोरांच्या हाताला गाळात कौले लागली. चिंबोऱ्या विकावयास येणाऱ्या बाईने एक तुकडा आजीच्या हातात आणून दिला. आजीने तो धुतला, पुसला आणि माठाखाली ठेवला. ती काहीही बोलली नाही. वडील मात्र बोलले. पनवेलच्या खाडीत कौलांचे शेकडो पडाव येऊन गेले, चढविता-उतरविताना किती कौले पाण्यात पडली असतील, एका तुकड्यावरून काय सिद्ध होते? युक्तिवाद चोख होता. आजी ऐकत राहिली. दर मंगळवारी ती संत अंतोनीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावीत असे, ती मात्र पुढेही मरेपर्यंत लावीत राहिली. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत म्हणून आपण अंतोनीला ओळखतो. ती पडावासाठी प्रार्थना करते, असे आम्ही समजत होतो.

नोकरीतून मोकळे झाल्यावर आम्हाला बुडालेल्या गलबतांविषयी वाचण्याचा नाद लागला. त्याचे मूळ कोठे आहे हे घरचे लोक ओळखून आहेत. वाचता वाचता असे दिसले की लाकडी मालवाहू गलबतांची एक मोठी दफनभूमी समुद्रात नसून अमेरिका व कॅनडा यांच्यामधल्या पाच महासरोवरांत आहे. ही सरोवरे गोड्या पाण्याची, पण समुद्रासारखी विस्तीर्ण. एका काठावरून दुसरा दिसत नाही आणि वादळ उठले की समुद्रालाही लाजवील. एकोणिसाव्या शतकात तेथे धान्य, लाकूड, लोहखनिज नेण्याआणण्याचे काम स्कूनर नावाची दोन-तीन डोलकाठ्यांची गलबते करीत. म्हणजे तिकडचे पडावच.

त्या सरोवरांतील सर्वांत प्रसिद्ध हरवलेले गलबत स्कूनरांच्याही पूर्वीचे. ला साल या फ्रेंच साहसी पुरुषाने १६७९ साली नायगाराजवळ 'ग्रिफाँ' नावाचे सुमारे ४५ टनांचे गलबत बांधले. त्यावर फादर लुई हेनेपिन हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते. ह्युरन सरोवरात वादळाने गाठले तेव्हा सर्वांनी गुडघे टेकले, आणि ला सालने संत अंतोनीला नवस केला की वाचलो तर पहिले प्रार्थनामंदिर तुझ्या नावाने बांधीन. गलबत वाचले. १८ सप्टेंबर १६७९ रोजी ते फरच्या कातड्यांनी भरून परतीला लागले. ला साल व फादर हेनेपिन त्यावर नव्हते. त्यानंतर ते कोणालाही दिसले नाही. ते सापडल्याचे दावे अनेकांनी केले; सिद्ध एकही झाला नाही. हरवलेले शोधून देणाऱ्या संताच्या पदरी घातलेले गलबत साडेतीन शतके होत आली तरी हरवलेलेच आहे! हे वाचून आम्हाला आजीच्या मेणबत्त्या आठवल्या, आणि अंतोनीविषयी थोडा राग आला हेही कबूल करतो.

मग २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या नातवाने एक बातमी वाचून दाखविली. 'एफ. जे. किंग' नावाचा तीन डोलकाठ्यांचा, १४४ फूट लांबीचा स्कूनर १५ सप्टेंबर १८८६ च्या रात्री मिशिगन सरोवरात बुडाला होता. एस्कनाबाहून शिकागोकडे लोहखनिज घेऊन जाताना वादळात त्याचे सांधे उघडले. खलाशांनी कित्येक तास पंप मारले. शेवटी कप्तानाने सर्वांना लहान होडीत उतरविले, आणि पहाटेपूर्वीच्या अंधारात आपल्या डोळ्यांदेखत गलबत बुडताना पाहिले. सगळे वाचले. किनाऱ्यापासून सुमारे पाच मैलांवर गलबत बुडाले, असे कप्तानाने सांगितले. काही दिवसांनी जवळच्या दीपगृहाच्या रखवालदाराने कळविले की डोलकाठ्या पाण्याबाहेर दिसत आहेत, पण किनाऱ्याच्या पुष्कळ जवळ. शोधणाऱ्यांनी कप्तानाचा शब्द मानला. तो पडला गलबताचा धनी! मासेमारांच्या जाळ्यात त्या बाजूला लाकडे येत असत, तरीही पन्नास वर्षे शोध चालला तो कप्तानाच्या जागेभोवती. शेवटी ब्रेंडन बेलॉड नावाच्या अभ्यासकाने ठरविले की यावेळी रखवालदाराचे म्हणणे खरे धरून पाहू. २८ जून २०२५ रोजी विस्कॉन्सिनमधील हौशी मंडळींना घेऊन तो निघाला. ध्वनिलहरींनी तळ पाहणारे यंत्र पाण्यात सोडल्यावर अवघ्या दोनएक तासांत गलबत सापडले, रखवालदाराने सांगितलेल्या जागेपासून अर्ध्या मैलाच्या आत.

नातू वाचावयाचा थांबला. आम्ही त्याला कप्तानाचा भाग पुन्हा वाचावयास सांगितले. कप्तान खोटे बोलला असे कोणी म्हटले नव्हते. रात्र होती, वादळ होते, तो जिवावर उदार होऊन माणसे वाचवीत होता. आपण कोठे आहोत हे त्याला कळले नाही, एवढेच. आमच्या घरात ऐंशीहून अधिक वर्षे दोनच पर्याय होते: आजोबा खोटे किंवा ती बाई खोटी. तिसरा पर्याय कोणालाही सुचला नव्हता. वस्तुतः तो आमच्या टेबलावरच उघडा पडलेला असे. त्या सत्ताविसाव्या अध्यायात उजाडल्यावर खलाशांना समोरची जमीन ओळखता आली नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. बेटाचे नाव त्यांना किनाऱ्यावर पोहोचल्यानंतर कळले. दर वर्षी वडील ते वाचीत आणि आम्ही ऐकत होतो.

निम्मी कौले फेकल्यावर पडाव हलका झाला असणार. पाण्याने भरलेले लाकूड लगेच तळाला जात नाही. भरती आत चढत असेल, तर माणसे न्हाव्यासमोर पाण्यात पडली आणि रिकामा पडाव अर्धवट बुडालेला, तरंगत-घसटत खाडीत शिरून वळणावर बसला, हे सहज शक्य आहे. आजोबांनी पाहिले ते खरे आणि तिने पाहिले तेही खरे.

तो पडाव अजून तेथे असेल का? मिशिगनच्या थंड, गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे समुद्री किडे नाहीत. म्हणून तेथील गलबते शंभर-दीडशे वर्षे उभीच्या उभी राहतात. (अलीकडे बाहेरून आलेले शिंपले त्यांच्यावर थरांनी चढू लागले आहेत.) आपल्या खाऱ्या पाण्यात उघडे लाकूड काही वर्षांतच चाळणीसारखे होते. गाळात गाडले गेलेले तेवढे टिकते, कारण तेथे हवा पोहोचत नाही. भाजलेली माती मात्र सर्वांना पुरून उरते. गोव्यात सेंट जॉर्ज रीफ या खडकाजवळ राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना एका बुडालेल्या गलबतातील कौलांचे ढीग मिळाले. त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल आहे. माल कोणाच्या भट्टीतला ते कळले, गलबताचे नाव मात्र त्या कौलांनी सांगितले नाही. आमच्या वळणावर असा शोध कोणी घेणार नाही. तेथे आता बांध-भराव आहेत आणि तिवरे पूर्वीपेक्षा दाट झाली आहेत. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा आम्ही गच्चीवरून त्या दिशेला पाहत होतो.

त्याच महिन्यात आम्ही काठीवालीच्या घरच्यांचा शोध घेतला. नाव ठाऊक नसताना माणूस कसा शोधावा? पण आगरी गावांत ओळखीची साखळी लांब असते. त्यांचे गावही उठलेल्यांत होते. करंजाडे-वडघरच्या बाजूस नव्या, तीन मजली घरात तिची नात आम्हाला भेटली. तीही आता सत्तरीच्या पुढची. आम्ही कौलाचा तुकडा पिशवीतून नेला होता. काय बोलावे याची घरी तयारी केली होती: आमचे आजोबा खोटे बोलले नव्हते, तुमची आजीही खोटी नव्हती, दोघांचेही बरोबर होते, अमेरिकेत असेच एक गलबत नुकतेच सापडले आहे. आम्ही हे सर्व सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. चहा आला. मग त्यांनी विचारले, "काका, आजी तीन दिवस कशाला आलती, ठाऊक हाय का तुम्हाला?"

आम्ही म्हणालो, "पडाव दिसला ते सांगायला."

"पडावाचं तिला काय? तिचा भाव होता पडावावर."

दोन खलाशांपैकी एक तिचा पाठचा भाऊ होता. ती पडाव दाखवावयास आलीच नव्हती. त्या काठीच्या आसपास पाण्यात उतरून भावाला शोधावे, एवढेच तिचे मागणे होते. तिच्या गावातले पुरुष न्हाव्याकडे गेले होते, कारण तांडेलाने तिकडे सांगितले होते. चौथ्या दिवशी ती एकटी गाळात कमरेपर्यंत उतरली. लोकांनी ओढून बाहेर काढली.

आमच्या तिसऱ्या पर्यायाने आजोबा निर्दोष ठरले होते आणि त्या आनंदातच आम्ही तेथवर गेलो होतो. आजोबा खोटे बोलले नसतील. त्यांना कळले नाही, एवढेच. पण त्या न कळण्याने तो माणूस पाण्यातच राहिला, आणि ज्या बाईने सांगितले तिच्या नावाची आम्ही पुढे तीन पिढ्या म्हण केली. आजीला हे ठाऊक असणारच. दारात आलेल्या बाईचे रडणे तिने ऐकले होते. त्या मंगळवारच्या मेणबत्त्या लाकडाच्या पडावासाठी खचितच नव्हत्या.

आम्ही क्षमा मागितली. बाई म्हणाल्या, "तुम्ही का मागता? तुम्ही तर तवा जन्मालाही नव्हता." यावर काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही. 'काठीवाली' हा शब्द त्यांना सांगावा की सांगू नये, हे आम्ही निघेपर्यंत ठरवू शकलो नाही, आणि सांगितलाही नाही. निघताना कौलाचा तुकडा आम्ही त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि परत आमच्या पिशवीत घातला. "तुमचे आजीनं ठेवला ना? मग तुमचेकडंच ऱ्हाऊ दे." त्यांच्या आजीचे आणि त्या भावाचे नाव मात्र आम्ही कागदावर लिहून घेतले. दुसऱ्या खलाशाचे नाव त्यांनाही आठवत नव्हते. तो पलीकडच्या काठचा होता, इतकेच.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आमच्या धर्मग्रामात दफनभूमीत मिस्सा होते आणि त्याआधी प्रत्येक कुटुंब आपापल्या मृतांची नावे चिठ्ठीवर लिहून देते. आमची चिठ्ठी दर वर्षी आजोबांच्या नावाने सुरू होते. यंदा ती लिहावयास घेतली तेव्हा नातवाने विचारले की हिंदू माणसाचे नाव चालते का. आम्ही फादरांना विचारले. त्यांनी चिठ्ठी घेऊन वाचली आणि विचारले, "यातला पहिला कोण?" आम्ही म्हणालो, "पडावावरचे सगळे आहेत, फादर." मिस्सेत नावे वाचताना त्यांनी आजोबांचे नाव वाचले, मग त्या भावाचे, मग त्याच्या बहिणीचे. तिसऱ्या माणसापाशी ते किंचित थांबले, कारण तेथे आम्ही नुसती रेघ ओढून ठेवली होती.